वाचक विचारतात : अमेरिकी कॉलेजांतले ‘बिनकमाईचे’ खेळ खरंच बिनकमाईचे आहेत का?

गेल्या अंकात आम्ही अमेरिकी कॉलेज फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलमधल्या पैशांबद्दल लिहिलं. बाकीच्या खेळांना त्यात एकाच वाक्यात ‘कमाई न करणारे’ म्हणून गुंडाळलं होतं. त्या वाक्यावर बरीच पत्रं आली आणि पत्रलेखकांचं म्हणणं रास्त आहे. व्हॉलीबॉल, कुस्ती, सॉफ्टबॉल, जिम्नॅस्टिक्स, आइस हॉकी, पोहणं हे सगळे खेळ एका पोत्यात घालता येत नाहीत. म्हणून या वेळचं सदर पूर्णपणे त्यांच्यासाठी.

प्रश्न : नेब्रास्का विद्यापीठात महिला व्हॉलीबॉलला ९२ हजार लोक आले होते म्हणतात. तो एकदाचाच चमत्कार होता की त्यातून खरा पैसा मिळतो? इतर कॉलेजं तेच का करत नाहीत?

उत्तर : ३० ऑगस्ट २०२३ ला लिंकन शहरातल्या मेमोरियल स्टेडियममध्ये नेब्रास्का विरुद्ध ओमाहा हा सामना ९२,००३ जणांनी पाहिला. मोठ्यांचं तिकीट २५ डॉलर होतं, शाळकरी मुलांचं ५. सगळी तिकिटं मोठ्यांची धरली तरी गेटवरची ढोबळ रक्कम साधारण २३ लाख डॉलर होते, प्रत्यक्षात त्याहून कमी. त्यातून फुटबॉलच्या मैदानावर उभारलेलं तात्पुरतं कोर्ट, गाण्याचा कार्यक्रम, बंदोबस्त, साफसफाई यांचा खर्च वजा करायचा. शिवाय व्हॉलीबॉल उघड्यावर, वाऱ्यात खेळायचा खेळ नाही. एका पावसाच्या सरीने सगळा बेत फिसकटला असता. असा सोहळा दरवर्षी करता येत नाही.

खरी कमाई त्या सामन्याच्या आधीच्या वीसेक वर्षांत आहे. नेब्रास्काचे घरचे सामने २००१ पासून सलग ‘हाऊसफुल’ जात आहेत. तेव्हा संघ कोलिझियम या जुन्या सभागृहात खेळायचा. तिथे जेमतेम ४,००० माणसं मावायची. तिकिटासाठी लोक ताटकळत राहिले, तरी विद्यापीठाने घाई केली नाही. २०१३ मध्ये संघ डेव्हनी सेंटरमध्ये गेला, आणि जाण्याआधी त्या मोठ्या बास्केटबॉल सभागृहाचं काम करून त्याच्या जागा ८,००० च्या आसपास आणून ठेवल्या होत्या. जागा मुद्दाम मर्यादित ठेवल्यामुळे सीझन तिकीट सोडून द्यायला कुणी तयार होत नाही, आणि चांगल्या जागेसाठी वेगळी देणगी मागता येते. महिला व्हॉलीबॉल स्वतःचा खर्च भागवतं अशी फार थोडी विद्यापीठं आहेत. नेब्रास्का त्यांतलं आहे ते या शिस्तीमुळे.

इतरांचं चुकतं ते इथेच. संघ चांगला खेळायला लागला की त्याला लगेच १४-१५ हजारांच्या बास्केटबॉल अरीनात नेतात. २,००० प्रेक्षक तिथे हरवून जातात, टीव्हीवर रिकाम्या खुर्च्या दिसतात आणि ‘तिकीट कधीही मिळेल’ हे लोकांना कळतं. मग सीझन तिकीट कोण घेणार? पेन स्टेटच्या कुस्तीचं उदाहरण याच्या उलट आहे. त्यांचे बहुतेक सामने साडेसहा हजारांच्या जुन्या रेक हॉलमध्ये होतात आणि वर्षातला एखादाच मोठा सामना ब्राइस जॉर्डन सेंटरमध्ये नेतात. आयोवाबरोबरच्या २०१८ मधल्या लढतीला तिथे १५,९९८ लोक होते. रोजचं घर लहान आणि सणाचं मोठं, हा हिशेब कुठल्याही खेळाला लागू पडतो.

प्रश्न : माझा भाचा तिथे कुस्ती खेळतो. त्याच्या कॉलेजच्या सरकारी आर्थिक अहवालात कुस्तीची आवक आणि खर्च तंतोतंत सारखे दाखवले आहेत. म्हणजे कुस्ती ना नफा ना तोटा चालते का?

उत्तर : नाही. आकडे डॉलरपर्यंत जुळत असतील तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच की तूट विद्यापीठाने भरून काढली आणि ती भरपाईसुद्धा ‘आवक’ म्हणून लिहिली. अमेरिकी शिक्षण खात्याला दरवर्षी जाणाऱ्या या अहवालात विद्यापीठाची मदत आणि विद्यार्थ्यांकडून घेतलेली क्रीडा फी हीसुद्धा आवकच धरली जाते. त्यामुळे त्या तक्त्यावरून कुस्ती तरते की बुडते हे कळत नाही.

सरकारी विद्यापीठ असेल तर त्याने एनसीएएला (कॉलेज खेळांची राष्ट्रीय नियामक संस्था) दिलेला सविस्तर आर्थिक अहवाल मागवा. माहिती अधिकाराच्या कायद्याखाली तो बहुतेक राज्यांत मिळतो. त्यात खेळानुसार रकाने असतात : तिकीटविक्री, देणग्या, प्रक्षेपण हक्क, प्रायोजकत्व, शिबिरं, थेट संस्थात्मक मदत. कुस्तीच्या ओळीतून संस्थात्मक मदत वजा केली की खरी आवक उरते.

पण तिथेही दुसऱ्या बाजूची एक चूक असते, आणि ती खेळाच्या विरुद्ध जाते. प्रायोजकांचे करार लिअरफील्डसारख्या मध्यस्थ कंपन्यांमार्फत संपूर्ण क्रीडा विभागाचे मिळून होतात. कॉन्फरन्सच्या, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाच्या, टीव्ही वाहिनीचा पैसाही एकाच धनादेशाने येतो. ही रक्कम खेळांत वाटली जात नाही. ती फुटबॉलच्या नावावर किंवा ‘कोणत्याही खेळाची नाही’ अशा रकान्यात बसते. कुस्तीच्या सामन्यात मॅटशेजारी स्थानिक बँकेचा फलक झळकतो आणि कुस्तीच्या ओळीत प्रायोजकत्व शून्य दिसतं. म्हणून ‘या खेळाने काहीच कमावलं नाही’ हे वाक्य हिशेबाच्या पद्धतीवर बेतलेलं असतं. खेळावर निकाल देण्याआधी ते तपासायला हवं.

प्रश्न : लहान कॉलेजं पैसे मिळवण्यासाठी नवे खेळ सुरू करतात असं वाचलं. प्रेक्षक नाहीत, टीव्ही नाही, मग पैसे येतात कुठून?

उत्तर : फीमधून. आमच्या मते या सगळ्या विषयातला हा सर्वांत कमी समजलेला आणि सर्वांत मोठा भाग आहे.

एनसीएएच्या तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. तिथे खेळाडू हा फी भरणारा विद्यार्थी असतो, आणि आपल्या खेळाचा संघ आहे म्हणून त्याने ते कॉलेज निवडलेलं असतं. विद्यार्थी कमी पडणाऱ्या खासगी कॉलेजसाठी संघ म्हणजे प्रवेश मिळवून देणारं खातं, आणि कोच हा त्या खात्याचा माणूस.

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. आकडे समजण्यापुरते आहेत, प्रत्येक कॉलेजने स्वतःचे घालावेत. पुरुषांचा कुस्ती संघ, पटावर ३० मल्ल. फीमध्ये मिळणारी नेहमीची सवलत वजा जाता प्रत्येकाकडून हाती येतात १८,००० डॉलर. वसतिगृह आणि जेवणातून खर्च वजा जाता आणखी ५,०००. तिसांपैकी सहा जण संघ नसता तरी याच कॉलेजात आले असते असं धरा. म्हणजे जादा विद्यार्थी २४. चोवीस गुणिले २३,००० म्हणजे ५,५२,००० डॉलर. आता खर्च : कोच आणि साहाय्यक यांचे पगार व भत्ते १,२०,०००, प्रवास ६०,०००, फिजिओ आणि वैद्यकीय वाटा ३०,०००, खेळाडू शोधण्यासाठीचा फिरतीचा खर्च १५,०००, विमा आणि किरकोळ १५,०००. एकूण २,४०,०००. शिवाय २४ जणांना शिकवण्याचा जादा खर्च माणशी ३,००० धरला तर ७२,०००. हाती उरतात २,४०,०००. तिकीट एकही न विकता.

आता हे कुठे फसतं ते पाहू, कारण कागदावर हा हिशेब नेहमीच छान दिसतो.

पहिलं म्हणजे गळती. कॉलेज कुस्तीत वजनगट दहाच. तीस मल्लांत दर गटाला तीन जण आले, म्हणजे वीस जण घरच्या लढतीत बाहेर बसतात. अठरा वर्षांचा मुलगा, ज्याने खेळासाठी कॉलेज निवडलं, तो वर्षभर मॅटवर उतरलाच नाही तर पुढच्या वर्षी परत येत नाही. वरच्या हिशेबात चोवीस जादा विद्यार्थ्यांपैकी दहा जण गळाले तर २,३०,००० डॉलर गेले आणि कोचचा पगार तसाच राहिला. शिकवण्याचे ३०,००० वाचले तरी शिल्लक ४०,००० वर येते. यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे : दुसऱ्या फळीसाठी वर्षातून सहा ते आठ खुल्या स्पर्धा ठरवणं. त्या जवळपासच्या निवडाव्यात, व्हॅनने सकाळी निघून रात्री परत येता येईल अशा. नवा संघ सुरू करताना बहुतेक ठिकाणी नेमका हाच खर्च कापला जातो.

दुसरं, जागा. वर्गात आणि वसतिगृहात रिकाम्या जागा असतील तरच जादा विद्यार्थी नफ्याचा. कॉलेज भरलेलंच असेल तर खेळाडू दुसऱ्या विद्यार्थ्याची जागा घेतो आणि जादा आवक जवळजवळ शून्य होते.

तिसरं, सवलतीचा मोह. कोचला पटाचा आकडा दिला की तो प्रवेश विभागाकडे जास्त सवलत मागतो. खेळाच्या नावाने ती देता येत नाही, पण गुणवत्तेच्या किंवा गरजेच्या नावाने सरासरी सवलत हळूहळू वाढते. १८,००० चे १३,००० झाले की चोवीस जणांमागे १,२०,००० गेले, म्हणजे शिल्लक निम्मी. म्हणून कोचचं मूल्यमापन पटावरच्या डोक्यांवर करू नये. दुसऱ्या वर्षी परतलेले विद्यार्थी आणि त्यांची निव्वळ फी हे दोन आकडे पाहावेत.

महिला कुस्तीचा प्रसार याच वाटेने झाला. छोट्या कॉलेजांनी संघ सुरू केले, एनसीएएच्या ‘उदयोन्मुख खेळ’ योजनेतली ४० संघांची अट पूर्ण झाली, जानेवारी २०२५ मध्ये अधिकृत मान्यता मिळाली आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा २०२६ ची ठरली. रोइंग, बोलिंग आणि बीच व्हॉलीबॉल याच योजनेतून आधी वर आले होते.

प्रश्न : टीव्हीचा पैसा या खेळांपर्यंत पोचतो का?

उत्तर : पोचतो, पण गाठोड्यातून. जानेवारी २०२४ मध्ये एनसीएए आणि ईएसपीएन यांच्यात ८ वर्षांचा, ९२ कोटी डॉलरचा करार झाला. त्यात ४० राष्ट्रीय स्पर्धा आहेत. वर्षाला सरासरी ११.५ कोटी. यातला महिला बास्केटबॉलचा वाटा एनसीएएने सुमारे ६.५ कोटी धरला आहे. उरलेल्या ५ कोटींत व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, बेसबॉल, जिम्नॅस्टिक्स, कुस्ती असे सगळे.

गाठोडं वाईटच असं नाही. एकट्या बोलिंगचे हक्क घ्यायला कुणी आलं नसतं. पण मोठ्या होत चाललेल्या खेळाचं त्यात नुकसान होतं. एनसीएएनेच नेमलेल्या कॅप्लन कायदा कंपनीच्या २०२१ च्या अहवालात महिला बास्केटबॉलचे हक्क स्वतंत्र विकले तर २०२५ पासून वर्षाला ८.१ ते ११.२ कोटी डॉलर मिळतील असा अंदाज होता. पुढे २०२४ च्या महिला अंतिम सामन्याला सरासरी १.८९ कोटी प्रेक्षक मिळाले आणि पुरुषांच्या अंतिम सामन्याला १.४८ कोटी. पण तोवर नव्या करारावर सह्या होऊन गेल्या होत्या.

व्हॉलीबॉलबाबत एक बारकावा लक्षात घ्यायला हवा. २९ ऑक्टोबर २०२३ ला विस्कॉन्सिन विरुद्ध मिनेसोटा हा साखळी सामना फॉक्सवर १६.६ लाख लोकांनी पाहिला. तो व्यावसायिक फुटबॉलच्या सामन्याला लागून दाखवला होता. आधीच्या कार्यक्रमाचा प्रेक्षक तिथेच बसून राहिला. त्यामुळे असा आकडा पाहून ‘आता खेळाची किंमत एवढी’ असं म्हणता येत नाही. आधीच्या फुटबॉलच्या आधाराशिवाय किती लोक आले हे पाहायचं.

कॉन्फरन्सच्या वाहिन्यांना मात्र हे खेळ खरोखरच हवे असतात. बिग टेन, एसईसी आणि एसीसी या कॉन्फरन्स. त्यांपैकी बिग टेन नेटवर्क २००७ मध्ये सुरू झालं, एसईसी नेटवर्क २०१४ मध्ये, एसीसी नेटवर्क २०१९ मध्ये. फुटबॉल आठवड्यातून एक दिवस, तोही वर्षातले तीनचार महिने. केबलचे पैसे मात्र बारा महिने घ्यायचे असतात. तो वेळ व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, कुस्ती, हॉकी भरून काढतात. एसईसीच्या वाहिनीने जिम्नॅस्टिक्ससाठी शुक्रवारची रात्र धरून ठेवली आणि प्रेक्षकाला सवय लागली. ठरलेला वार आणि ठरलेली वेळ याचा फायदा एखाद्या महागड्या जाहिरातीपेक्षा जास्त होतो.

प्रश्न : मी क्रीडा व्यवस्थापन शिकते आणि माझ्या विद्यापीठाच्या तिकीट विभागात काम करते. महिला जिम्नॅस्टिक्सला आजवर प्रवेश फुकट होता. आता तिकीट लावायचं आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : आधी खरी डोकी मोजा. जाहीर होणारी उपस्थिती आणि दारावर मोजलेली उपस्थिती यांत मोठं अंतर असतं. हंगामभर दारावरचा आकडा, वयोगट आणि पिनकोड टिपून ठेवा. सरसकट फुकट प्रवेशात सर्वांत मोठं नुकसान तिकिटाच्या पैशांचं होत नाही, आलेला माणूस कोण हे कधीच कळत नाही ते खरं नुकसान. पहिल्या वर्षी फुकटच ठेवा, पण नाव आणि ईमेल देऊन काढायचं तिकीट सुरू करा.

दुसऱ्या वर्षी सगळ्यांना तिकीट लावू नका. सर्वांत जवळच्या जागा, म्हणजे फ्लोअर आणि बीम नीट दिसणारा पट्टा, राखीव करून विका. मागचा भाग विद्यार्थ्यांना फुकट आणि मुलांना नाममात्र दरात ठेवा. जिम्नॅस्टिक्सचा प्रेक्षक कुटुंबाने येतो आणि त्यातली कितीतरी मुलं शहरातल्या जिम्नॅस्टिक्स क्लबची असतात. त्या क्लबांना गटतिकीट आणि सामन्यानंतर खेळाडूंच्या सह्या द्या. सह्यांची वेळ वीस मिनिटांवर जाऊ देऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी खेळाडूच कुरकुरतील.

मग दार उघडण्याचा खर्च काढा. हा आकडा बहुतेकांकडे नसतो. समजा, १,५०० प्रेक्षक आणि माणशी सरासरी ८ डॉलर, म्हणजे १२,००० ची आवक. १२,००० खुर्च्यांच्या अरीनात सुरक्षा, जागा दाखवणारे, सफाई, वीज आणि उपकरणं आणून बसवणारी माणसं यांचं बिल ९,००० आलं तर ३,००० उरले. तोच सामना ३,००० खुर्च्यांच्या हॉलमध्ये ३,५०० च्या खर्चात झाला तर ८,५०० उरतात आणि हॉल अर्धा भरलेला दिसतो. मोठ्या अरीनाशिवाय पर्याय नसेल तर वरचे मजले पडदे लावून बंद करा, खाण्याचे सगळे स्टॉल न उघडता दोन-तीनच उघडा आणि बंदोबस्ताचा करार उघडलेल्या दारांवर ठरवा.

तारखा मिळवणं सर्वांत कठीण. जिम्नॅस्टिक्सचा हंगाम जानेवारी ते एप्रिल, म्हणजे ऐन बास्केटबॉलच्या मोसमात. अरीनाच्या वेळापत्रकात बास्केटबॉलच्या तारखा आधी टाकल्या जातात आणि उरलेल्या तुम्हाला मिळतात. त्यामुळे एक सामना शुक्रवारी, पुढचा रविवारी दुपारी, असं होतं आणि सवय जडत नाही. चार घरच्या सामन्यांपैकी तीन तरी एकाच वारी मिळावेत म्हणून अरीना विभागाशी उन्हाळ्यातच बोला.

उदाहरण हवं असेल तर युटा विद्यापीठ पाहा. हंट्समन सेंटरमध्ये महिला जिम्नॅस्टिक्सला येणारी गर्दी अनेक पुरुष बास्केटबॉल संघांना मिळत नाही. खेळाची लांबीही तुमच्या बाजूने आहे. दोन संघांमधली लढत दोन तासांत संपते. कुस्तीचंही तसंच : दहा कुस्त्या, बरोबरी झाली नाही तर प्रत्येकी जास्तीत जास्त सात मिनिटं, म्हणजे प्रत्यक्ष खेळ साधारण सत्तर मिनिटांचा. पोहण्याच्या किंवा ट्रॅकच्या दिवसभर चालणाऱ्या स्पर्धेला एवढ्याचसाठी तिकीट विकणं अवघड जातं. तिथे प्रेक्षक आपल्या मुलाची शर्यत पाहतो आणि बाकीचा वेळ बाहेर जाऊन बसतो.

प्रश्न : मग पोहणं, टेनिस, तलवारबाजी यांचं काय? त्यांना तर प्रेक्षक नाहीतच.

उत्तर : त्यांचा आधार माजी खेळाडू. स्टॅनफर्डने जुलै २०२० मध्ये ३६ पैकी ११ खेळ बंद करत असल्याचं जाहीर केलं : तलवारबाजी, रोइंगचे दोन संघ, पुरुषांचं व्हॉलीबॉल, कुस्ती, स्क्वॉश वगैरे. हे अकरा खेळ कायमचे चालवायला २० कोटी डॉलरहून जास्त लागतील असं विद्यापीठाने सांगितलं. माजी खेळाडू एकत्र आले, देणग्यांची वचनं गोळा झाली, खटले दाखल झाले. मार्च २०२१ मध्ये शेन ग्रिफिथने विद्यापीठाचं नाव नसलेला काळा पोशाख घालून कुस्तीचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. मे महिन्यात निर्णय मागे घेतला गेला.

त्या २० कोटींमागचं गणित समजून घेण्यासारखं आहे, कारण ते कुठल्याही खेळाला लावता येतं. कायम निधीतून विद्यापीठं दरवर्षी साधारण ४ ते ५ टक्के काढतात. एखाद्या संघाचा निव्वळ खर्च वर्षाला ६ लाख डॉलर असेल तर साडेचार टक्क्यांनी १.३३ कोटींचा निधी लागतो. एवढा एकदम कुणी देत नाही. म्हणून तुकडे करा : मुख्य कोचचं पद एका दात्याच्या नावाने, प्रवासाचा निधी दुसऱ्याच्या, एकेक शिष्यवृत्ती एकेका तुकडीच्या नावाने. आणि देणगीपत्रात एक वाक्य असायलाच हवं : हा निधी त्याच खेळासाठी आहे, आणि खेळ बंद झाला तर त्याचं काय करायचं. ते नसेल तर पैसा क्रीडा विभागाच्या सामायिक खात्यात जाऊ शकतो.

कराचंही पाहा. २०१७ च्या कर कायद्यानंतर, तिकीट घेण्याचा हक्क मिळावा म्हणून दिलेल्या देणगीवर सूट मिळत नाही. त्याआधी ८० टक्के रक्कम वजा करता येत असे. ज्या खेळात चांगल्या जागेचा लिलावच नाही तिथली देणगी मात्र अजूनही सरळ सूटपात्र असते. दात्याशी बोलताना हा मुद्दा मांडावा.

शिबिरांतूनही पैसा येतो, पण ते कोणाचे हे आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी उन्हाळी शिबिर कोचच्या खासगी कंपनीचं असतं आणि विद्यापीठाला फक्त तलावाचं भाडं मिळतं. आणि एनसीएएच्या नियमाने शिबिर सर्वांना खुलं ठेवावं लागतं. संख्या, वय, इयत्ता, मुलगा-मुलगी एवढ्याच मर्यादा घालता येतात. निवडक खेळाडूंना बोलावून फी घेणं नियमभंग ठरतं.

काही वेळा देणगीतून उभी राहिलेली जागा स्वतःच कमावू लागते. ॲरिझोना स्टेटने मुलेट परिवाराच्या पुढाकाराने २०१४ मध्ये आलेल्या ३.२ कोटी डॉलरच्या देणग्यांवर आइस हॉकीचा संघ उभा केला, तोही वाळवंटी राज्यात. २०२२ मध्ये ५,००० जागांचं मुलेट अरीना झालं आणि पहिले दोन हंगाम तिथे कायोटीज हा व्यावसायिक हॉकी संघच भाडेकरू होता.

प्रश्न : न परवडणारे संघ बंद केले तर पैसे वाचतीलच ना?

उत्तर : वाटतात त्याहून खूप कमी. संघाच्या खर्चातला मोठा आकडा शिष्यवृत्तीचा असतो, आणि ती रक्कम म्हणजे विद्यापीठाच्या एका खात्याने दुसऱ्या खात्याला भरलेली फी. वर्गात जागा रिकामी असेल तर संघ बंद करून विद्यापीठाच्या तिजोरीत तेवढी रोकड उरत नाही. शिवाय अर्धीमुर्धी शिष्यवृत्ती घेऊन बाकी फी स्वतः भरणारे खेळाडू जातात, तीही आवक जाते.

नियमांची चौकटही आहे. फुटबॉलच्या सर्वोच्च गटात राहायचं तर किमान १६ खेळ ठेवावे लागतात. एनसीएएच्या वाटपात चौदाव्या खेळापासून पुढच्या प्रत्येक खेळासाठी वेगळी रक्कम मिळते, ती बुडते. आणि शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी घालणारा १९७२ चा टायटल नाइन कायदा आहेच. आयोवा विद्यापीठाने २०२० मध्ये चार संघ बंद केले, महिला जलतरणपटू न्यायालयात गेल्या, आणि शेवटी विद्यापीठाला महिला जलतरण परत आणावं लागलं, शिवाय महिला कुस्तीचा नवा संघही सुरू करावा लागला.

प्रश्न : खेळाडूंना थेट पैसे देण्याच्या नव्या तडजोडीने या खेळांचं काय होईल?

उत्तर : खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या हाऊस खटल्यातल्या तडजोडीला न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी ६ जून २०२५ रोजी मंजुरी दिली. त्यानुसार २०२५-२६ साठी तडजोड स्वीकारणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाला खेळाडूंना २.०५ कोटी डॉलरपर्यंत वाटायला परवानगी मिळाली. यातला बहुतेक वाटा फुटबॉल आणि पुरुष बास्केटबॉलकडे जातो. ती रक्कम कुठून तरी काढायची असते, आणि कात्री आधी प्रवासावर व साहाय्यक कोचांवर चालते.

शिष्यवृत्त्यांच्या मर्यादा जाऊन पटाच्या मर्यादा आल्या. तडजोड स्वीकारलेल्या विद्यापीठात कुस्तीत पूर्वी ९.९ शिष्यवृत्त्या (अनेकांत वाटून देता येणाऱ्या) असायच्या, आता ३० च्या पटावर सगळ्यांना देता येतात. बेसबॉलला ११.७ होत्या, आता पट ३४. सॉफ्टबॉलला १२, आता पट २५. ज्यांच्याकडे पैसा आहे ते संघ आणखी बळकट होतील. पण पटाला मर्यादा आल्याने स्वतःची फी भरून संघात राहणारी मुलं बाहेर पडतात, आणि त्यांच्यामुळे येणारी फी त्यांच्याबरोबर जाते. क्रीडा विभागाच्या हिशेबात हा तोटा दिसत नाही. तो प्रवेश विभागाच्या खात्यात पडतो. म्हणून तुमच्या विद्यापीठात एखाद्या संघाच्या भवितव्यावर बैठक ठरली असेल तर पटावरच्या प्रत्येक खेळाडूची निव्वळ फी दाखवणारा तक्ता आधी मागा, आणि तो प्रवेश विभागाकडूनच घ्या.